सांगलीहून विमानप्रवास: दोन शहरांतील अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

सांगलीहून पुणे किती लांब आहे, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. सरळ रेषेत मोजल्यास अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते, पेठ नाका, कराड, सातारा आणि खंबाटकी मार्गे गाडीने गेल्यास सुमारे २३५ किलोमीटर होते, आणि मिरजेहून रेल्वेने पुण्याला पोहोचेपर्यंत रूळ २८० किलोमीटरच्या आसपास जातो. विमानप्रवासाची चौकशी करताना बहुतेकांचा घोळ इथेच सुरू होतो, कारण इंटरनेटवर ‘अमुक शहर ते तमुक शहर अंतर’ असे शोधले की यांपैकी कोणते तरी एक अंतर समोर येते आणि त्याखाली ‘उड्डाणाचा वेळ’ म्हणून एक आकडा असतो. तो आकडा कोठून कोठपर्यंतचा, कोणत्या विमानाचा आणि कोणत्या दिशेचा, हे मात्र तेथे सांगितलेले नसते.

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न वरचेवर पडतो, याला कारण आहे. विटा, खानापूर आणि आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरले आहेत. कोलकाता, चेन्नई, दिल्ली, कोचीपासून अगदी लहान शहरांतील सराफ बाजारापर्यंत त्यांची दुकाने आहेत. लग्नकार्य, यात्रा, आजारपण अशा निमित्ताने त्यांची आणि त्यांच्या नातेवाइकांची ये-जा चालूच असते. शिवाय शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुबई, लंडन, अमेरिका येथे गेलेल्या मुलांकडे जाणारे आईवडीलही आता गावोगावी आहेत. प्रत्यक्षात जिल्ह्यात प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नाही, त्यामुळे आपला विमानप्रवास नेहमी रस्त्याने किंवा रेल्वेने सुरू होतो. म्हणूनच येथील प्रवाशाने विमानातील वेळेपेक्षा घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ काढायला शिकले पाहिजे. पुढे त्याची रीत क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: कोणते अंतर हवे ते ठरवा

विमानासाठी उपयोगी पडणारे अंतर म्हणजे दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर येथे फारसे कामाचे नाही, आणि रस्त्याच्या अंतरावरून विमानाच्या अंतराचा अंदाज बांधणे तर धोक्याचे आहे. सपाट मुलखात रस्त्याचे अंतर सरळ अंतरापेक्षा साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी जास्त असते. सांगली-पुणे हे त्याचे उदाहरण वर आलेच आहे. सह्याद्री मध्ये आला की हा हिशेब मोडतो. सातारा आणि चिपळूण यांच्यातील सरळ अंतर जेमतेम ५५ किलोमीटर आहे, पण उंब्रज, पाटण आणि कुंभार्ली घाटाने जाताना सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागतो. गोव्याचा मोपा विमानतळ नकाशावर सांगलीपासून १४५ किलोमीटरवर दिसतो म्हणून त्याचा मोह पडणाऱ्यांनी मध्ये आंबोली घाट आहे आणि पावसाळ्यात तो घाट आपल्या सोयीने चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांशावरून अंतर काढा

शाळेतील भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत एवढ्या भांडवलावर हे काम होते. मोबाइलवरील नकाशात हव्या त्या ठिकाणी बोट दाबून धरले की त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश मिळतात. पुणे विमानतळ उत्तर अक्षांश १८.५८ आणि पूर्व रेखांश ७३.९२ येथे आहे, तर दिल्लीचा विमानतळ २८.५६ आणि ७७.१० येथे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि हे मूल्य जगात सगळीकडे जवळपास सारखेच राहते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतील फरक ९.९८ आहे, त्याला १११ ने गुणले की उत्तर-दक्षिण अंतर ११०८ किलोमीटर मिळते. रेखांशाच्या बाबतीत मात्र एक सुधारणा करावी लागते, कारण सर्व रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत जातात आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका रेखांशाचा अंश आखूड होतो. ही सुधारणा दोन ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने होते. कोसाइनचे मूल्य १५ अंशांना ०.९७, २० अंशांना ०.९४, २५ अंशांना ०.९१ आणि ३० अंशांना ०.८७ असते, भारतातल्या प्रवासासाठी एवढी चार मूल्ये पुरतात. पुणे आणि दिल्लीचा मधला अक्षांश साडेतेवीसच्या आसपास असल्याने ०.९२ घ्यावे. रेखांशांतील फरक ३.१८, त्याला १११ ने आणि मग ०.९२ ने गुणल्यावर पूर्व-पश्चिम अंतर ३२५ किलोमीटर येते. आता ११०८ चा वर्ग आणि ३२५ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर ११५५ किलोमीटर मिळते. गणकयंत्रावर दोन मिनिटांत होणारे हे काम असून देशांतर्गत प्रवासासाठी त्याची अचूकता पुरेशी आहे.

याच रीतीने कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३१० किलोमीटर, कोल्हापूर ते बेंगळुरू सुमारे ५३० किलोमीटर आणि पुणे ते कोलकाता सुमारे १५८० किलोमीटर येते. वाचकांनी यांपैकी एखादे उत्तर स्वतः काढून पाहावे, म्हणजे हात बसेल.

लांबच्या पल्ल्याला ही रीत का चालत नाही

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर वरील रीतीने काढल्यास सुमारे १४,३०० किलोमीटर येते. खरे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. अठराशे किलोमीटरची ही तफावत गणितातल्या चुकीमुळे आलेली नाही. आपण पृथ्वी सपाट धरली, म्हणून ती आली. पृथ्वीचा गोल घरात असेल तर एक दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणून पाहावा. तो अरबी समुद्र आणि अटलांटिक महासागर यांवरून आडवा न जाता वर उत्तरेकडे सरकतो आणि युरोपच्या उत्तर भागावरून जातो. भिंतीवरच्या नकाशात वाकडा दिसणारा हा मार्गच सर्वांत जवळचा असतो, आणि विमाने शक्य तेथे त्याच्या जवळपास राहतात.

ज्यांना लांबचे अंतर अचूक हवे असेल त्यांनी गोलीय सूत्र वापरावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोहोंची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन अंशांत काढावा आणि त्याला १११.२ ने गुणावे. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल तर फरक काढताना त्यांची बेरीज करायची असते, आणि ती १८० च्या वर गेल्यास ३६० मधून वजा करायची असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा हिशेब करताना याची गरज पडते. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी संगणकावरच्या नकाशातील अंतर मोजण्याची सोय वापरावी, ती हीच गोलीय रेषा मोजते. साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत सपाट रीत आणि त्यापुढे गोलीय रीत, असा नियम ठेवला की पुरे.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ काढा

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र विमानाला जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण विमान सरळ रेषेत जात नाही आणि सर्व वेळ एकाच वेगाने उडत नाही. ते ठरावीक हवाई मार्गांनी जाते, लष्करी हद्दी टाळते, आणि उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा घेते. यासाठी सरळ अंतरात सुमारे सात टक्के वाढवावेत.

वेग विमानाच्या जातीवर ठरतो. पुण्या-मुंबईहून देशात सर्रास चालणारी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. लांब पल्ल्याचे बोइंग ७८७ सुमारे ९०० ने जाते. पंखे बाहेर फिरताना दिसतात ते लहान एटीआर ७२ ताशी ५०० च्या आसपास राहते. कोल्हापूर, बेळगावसारख्या विमानतळांवर लहान विमाने येतात, आणि ३००-४०० किलोमीटरच्या पल्ल्यावर एटीआरमुळे होणारा उशीर पंधरा-वीस मिनिटांच्या वर जात नाही, त्यामुळे केवळ विमान लहान आहे म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही.

या भागाकारात मोठ्या विमानासाठी ४० मिनिटे आणि एटीआरसाठी २५ मिनिटे मिळवावीत. दारातून मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा दाराला लागणे यांत जाणारा हा जादा वेळ आहे. पुणे-दिल्लीचे उदाहरण पुढे नेल्यास ११५५ चे सात टक्के वाढवून १२३६ किलोमीटर होतात. ८३० ने भागल्यावर ८९ मिनिटे आणि वरची ४० धरून एकूण २ तास ९ मिनिटे. वेळापत्रकातही साधारण एवढाच किंवा पाच-दहा मिनिटे जास्त वेळ दिसतो. कोल्हापूर-हैदराबादसाठी ४७६ किलोमीटरला ५०० च्या वेगाने ५७ मिनिटे, त्यात २५, म्हणजे एक तास बावीस मिनिटे.

वेळापत्रकातील वेळ काढलेल्या वेळेपेक्षा थोडा जास्त दिसण्यामागे एक व्यवहार आहे. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. चाके जमीन सोडतात ती त्यानंतर दहा ते पंचवीस मिनिटांनी. पोहोचण्याची वेळही चाके टेकण्याची नसून विमान जागेवर उभे राहण्याची असते. नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान ‘वेळेवर’ धरण्याची या व्यवसायात पद्धत आहे, त्यामुळे कंपन्या गर्दीच्या विमानतळांसाठी वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. उशिरा सुटूनही विमान वेळेवर पोहोचले, याचे कौतुक वैमानिकाइतकेच या सैल जागेलाही द्यायला हवे.

वारा आणि हवाई हद्द

जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना साडेआठ-नऊ तास, असा मुंबई-लंडन प्रवासातला फरक पाहून पुष्कळांना वाटते की पृथ्वी फिरते म्हणून असे होते. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे ते कारण खरे नाही. फरक वाऱ्याने पडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य आणि उपोष्ण कटिबंधात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर, सात टक्के धरून ७७००. वारा नसता तर ९०० च्या वेगाने ८ तास ३३ मिनिटे लागली असती. सरासरी ७० किलोमीटरचा वारा समोरून आला तर वेग ८३० वर येतो आणि ९ तास १७ मिनिटे लागतात. तोच पाठीशी असेल तर ९७० च्या वेगाने ७ तास ५६ मिनिटे. दोहोंत ४० मिनिटे मिळवली की जाण्यायेण्याचे खरे वेळापत्रक जवळपास तयार होते.

देशातही हा फरक जाणवतो. हिवाळ्यात हा पश्चिमी झोत उत्तर भारतावर असतो आणि पुण्याहून कोलकात्याला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी कमी भरतो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून येणारा दुसराच झोत तयार होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये हिवाळ्यातला हिशेब तसाच धरू नये. आसनासमोरच्या पडद्यावर वेग हजाराच्या वर दिसला तर घाबरू नये. तो जमिनीच्या सापेक्ष वेग असतो आणि त्यात पाठीमागच्या वाऱ्याचा वाटा असतो.

हवाई हद्दीचा परिणाम वाऱ्यापेक्षाही मोठा असू शकतो. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती, आणि २४ एप्रिल २०२५ पासून ती पुन्हा भारतीय विमानांना बंद झाली. त्यानंतर हा निर्बंध महिन्यामहिन्याने वाढवला गेला. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना यामुळे दक्षिणेकडून वळसा पडतो, तर मुंबईहून जाणाऱ्यांना तुलनेने कमी, कारण मुंबईचा मार्ग मुळातच अरबी समुद्रावरून जाऊ शकतो. परदेशी कंपन्यांना तो निर्बंध लागू नसल्याने एकाच दोन शहरांमधला वेळ कंपनीनुसार वेगळा दिसतो. म्हणून परदेश प्रवासाचा वेळ जुन्या तिकिटावरून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून न धरता ज्या कंपनीचे तिकीट काढायचे तिच्याच चालू वेळापत्रकातून घ्यावा.

चौथी पायरी: तिकिटावरील वेळ नीट वाचा

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. मुंबईहून दुपारी ४ ला सुटणारे विमान दुबईला सायंकाळी ५.५० ला पोहोचत असेल, तर प्रवास एक तास पन्नास मिनिटांचा नव्हे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून ५.५० मध्ये दीड तास मिळवून आपल्याकडचे ७.२० झाले, प्रवास ३ तास २० मिनिटांचा. परतीला रात्री १० ला निघून पहाटे २.३० ला मुंबईत उतरले, तर २.३० मधून दीड तास वजा करून दुबईचे १ वाजले; प्रवास तीन तासांचा. नियम एकच: दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि जपान साडेतीन तास पुढे असते. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, कारण ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तेथील बदल मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. या मधल्या दिवसांत (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक आठवडा) प्रवास असेल तर विशेष दक्षता घ्यावी.

भारतात सगळीकडे घड्याळ एकच असले तरी सूर्य एक नाही. सांगली आणि कोलकाता यांच्या रेखांशांत जवळपास चौदा अंशांचा फरक आहे आणि सूर्याला एका अंशाला चार मिनिटे लागतात, त्यामुळे डिसेंबरात कोलकात्याला सायंकाळी पाचच्या आतच सूर्यास्त होतो. तेथे साडेपाचला उतरणाऱ्या वयस्कर प्रवाशाला तो अंधार अनपेक्षित वाटतो, म्हणून घ्यायला येणाऱ्याची व्यवस्था आधी करावी.

सर्वांत महाग पडणारी गफलत तारखेची असते, आणि आपल्याकडे तिला एक सांस्कृतिक कारणही आहे. पंचांगात वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत धरतात. घरातली वडीलधारी मंडळी शुक्रवारी रात्री दोन वाजता झालेल्या गोष्टीला ‘शुक्रवारी रात्री’च म्हणतात. विमानाच्या तिकिटावर मात्र रात्री बारानंतर तारीख आणि वार बदललेला असतो. तिकिटावर ‘१४ मार्च, ००:३५’ असे असेल तर विमान तेराच्या रात्री जेवणे आटोपल्यावर साडेतीन-चार तासांनी सुटते, आणि सांगलीहून मुंबईसाठी तेरा तारखेला दुपारीच निघावे लागते. आखाती देशांची आणि युरोपची पुष्कळ विमाने नेमकी याच वेळेत सुटतात. असे तिकीट हाती आले की त्यावर पेनने ‘तेराला दुपारी घरातून निघणे’ असे लिहून ठेवावे. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘अधिक १’ अशी खूण असेल तर ते दुसऱ्या दिवशी पोहोचणे होय.

पाचवी पायरी: विमानतळ निवडा

सांगलीकरांना सर्वांत जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडी येथील. अंतर सुमारे ५५ किलोमीटर आणि वेळ दीड तास. १९३९ पासूनच्या या विमानतळाला मार्च २०२४ मध्ये नवी इमारत मिळाली. बेळगावजवळचा सांबरा विमानतळ कोणत्या रस्त्याने जावे त्यानुसार सव्वाशे ते दीडशे किलोमीटरवर आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने २३५ किलोमीटरच्या रस्त्यापुढे कात्रजपासूनची शहरातील वाहतूक वेगळी मोजावी. एकूण पाच तास धरणे शहाणपणाचे. मुंबईचे तिकीट काढताना तर विमानतळाचे नाव आणि टर्मिनल दोन्ही पाहिलेच पाहिजे: सहारचे दोन क्रमांकाचे आणि सांताक्रूझचे एक क्रमांकाचे टर्मिनल ही वेगळ्या ठिकाणी आहेत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ त्याहून वेगळा. आपल्या दिशेने येणाऱ्याला नवी मुंबई सोयीची आहे, कारण द्रुतगती मार्गाने पनवेलला आल्यावर मुंबई शहरात शिरावेच लागत नाही. एका विमानातून उतरून दुसरे पकडायचे असेल आणि दोन्ही विमाने वेगळ्या विमानतळांवर असतील, तर ते तिकीट स्वस्त असले तरी घेऊ नये.

जवळचा विमानतळ म्हणजे लवकर पोहोचणे, असे नेहमी होत नाही. कोल्हापूरहून मोजक्याच शहरांना थेट विमाने आहेत आणि ती हंगामानुसार बदलतात. काही तर आठवड्यातून ठरावीक वारीच असतात. एखादे रद्द झाले तर दुसरे त्याच दिवशी मिळेलच असे नाही. पावसाळ्याचाही विचार हवा. सांगलीहून उजळाईवाडीला जाताना कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी वाढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या की कोल्हापूरच्या तिकिटाच्या जोडीला पुण्याचा पर्याय तयार ठेवावा.

पुण्याला जायला रात्रीच्या गाडीपेक्षा रेल्वे सोयीची वाटत असेल तर मिरज-पुणे मार्गावर पर्याय आहेत, आणि सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही धावते. पण ती रोज नाही आणि तिची वेळ आपल्या विमानाशी जुळेलच असे नाही. रेल्वेने गेल्यास पुणे स्थानकापासून लोहगावपर्यंत पाऊण-एक तास धरावा.

सहावी पायरी: उलटा हिशेब मांडा

सांगलीतील एका कुटुंबाला कोलकात्याला बहूबाजारात, गलाईच्या धंद्यातल्या नातेवाइकांकडे जायचे आहे, असे समजू. पुण्याहून थेट विमान सकाळी ११ ला आहे. १५८० किलोमीटरला सात टक्के वाढवून १६९०, भागिले ८३०, अधिक ४० मिनिटे, म्हणजे सुमारे २ तास ४२ मिनिटे. पाठीशी वारा धरून २ तास ३५ मिनिटे घेऊ. सामान जमा करण्याची खिडकी देशांतर्गत प्रवासात साधारणतः सुटण्यापूर्वी एक तास बंद होते आणि विमानात शिरण्याचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी. म्हणजे ९ ला विमानतळावर पोहोचलेच पाहिजे. रस्त्याचे पाच तास आणि चहा-नाश्त्याचा अर्धा तास वजा करता घरातून पहाटे ३.३० ला निघणे आले. कोलकात्याला १.३५ ला विमान लागले, सामान घेऊन बाहेर पडायला ४० मिनिटे, दमदम विमानतळावरून बहूबाजारापर्यंत एक तास, म्हणजे ३.१५ ला दारात. एकूण प्रवास पावणेबारा तास, आणि त्यातले विमानातले जेमतेम अडीच.

आता कोल्हापूरचा पर्याय. रस्ता दीड तास, विमानतळावर दीड तास आधी, हैदराबादपर्यंत एक तास पंचवीस मिनिटे, तेथून सुमारे १२०० किलोमीटरवरच्या कोलकात्याला सव्वादोन तास, आणि शेवटचे एक तास चाळीस मिनिटे. बेरीज ८ तास २० मिनिटे, अधिक हैदराबादचा थांबा. पुण्याच्या पावणेबारा तासांतून हे वजा केले की ३ तास २५ मिनिटे उरतात. याचा अर्थ हैदराबादचा थांबा साडेतीन तासांच्या आत असेल तर कोल्हापूर वेळेच्या दृष्टीने फायद्याचे, त्याहून जास्त असेल तर पुणे. तीस-चाळीस हजारांच्या खर्चात निर्णय भाड्यावर होतो हे खरे, पण पहाटेचा रस्ता, गाडीचे भाडे, टोल आणि चालकाचा जागरणाचा धोका हे सगळे पुण्याच्या खात्यावर पडते. त्यामुळे थांबा चार तासांचा असला तरी वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असताना मी कोल्हापूरच निवडीन.

मात्र दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. एकाच आरक्षणात जोडलेली विमाने असतील आणि पहिले उशिरा पोहोचले, तर पुढच्या प्रवासाची व्यवस्था करणे कंपनीकडे येते आणि सामानही साधारणतः थेट शेवटच्या विमानतळावर मिळते. दोन स्वतंत्र तिकिटे काढली असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे सुटल्यास ते पैसे गेले असे समजावे. शिवाय मध्ये सामान घेऊन पुन्हा जमा करावे लागते. स्वतंत्र तिकिटेच काढायची झाली तर देशांतर्गत प्रवासात किमान चार तासांचे अंतर ठेवावे, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्ली मध्ये येत असेल तर धुक्यामुळे तेही अपुरे पडते. परदेशी विमानाला जोडणारे देशांतर्गत विमान शक्यतो आदल्या दिवशीचे घ्यावे.

आंतरराष्ट्रीय प्रवासाचा उलटा हिशेब याच रीतीने मांडायचा असतो, फक्त विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे धरावे, आणि उतरल्यावर पारपत्र तपासणीसाठी एक ते दीड तास वेगळा ठेवावा. सांगलीहून मुंबईसाठी रस्त्याचे आठ तास धरावेत. शनिवार-रविवारी, गणपती-दिवाळीच्या आधी आणि सुट्या लागल्यावर खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा या तीन ठिकाणांसाठी मिळून आणखी दीड तास वाढवावा. रात्री साडेबाराच्या विमानासाठी साडेनऊला विमानतळावर, म्हणजे सांगलीहून एरवी दुपारी दीडला आणि सणासुदीला बाराला निघावे. घरातून निघण्यापूर्वी विमानाची स्थिती कंपनीच्या ॲपवर एकदा पाहावी आणि पुण्यात शिरण्यापूर्वी, शिरवळच्या आसपास, दुसऱ्यांदा पाहावी.